शॉट क्लॉकचा रकाना

बास्केटबॉलमध्ये बॉल मिळाल्यावर शॉट मारायला किती सेकंद उरलेत हे दाखवणारं घड्याळ म्हणजे शॉट क्लॉक. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शॉट क्लॉक’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. सोडला की लाल चौकट येते आणि पुढची क्लिप उघडतच नाही. त्या रात्री मी पहिल्याच पझेशनला, म्हणजे एका संघाकडे बॉल असतो तेवढ्या तुकड्याला, अडकले. समोर २६ मार्च १९७९ची सॉल्ट लेक सिटीतली कॉलेज फायनल, आणि अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक आलं १९८५-८६मध्ये. भरू काय?

मी पुण्यात बसून रात्रपाळीला अमेरिकन बास्केटबॉल टॅग करते. ओळखीतल्यांना वाटतं, काय मजा आहे, मॅच बघायचे पैसे मिळतात! मॅच बघते कोण? दोन सेकंद पुढे, तीन सेकंद मागे करत शॉट कोणी मारला, कुठून मारला, समोर कोण होतं, एवढं नकाशावर क्लिक करत जायचं. शेवटी जिंकलं कोण ते विचारलंत तर पुष्कळदा मला सांगता येत नाही.

काम होतं दोन फॉरवर्डच्या तुलनेचं. इंडियाना स्टेट कॉलेजचा लॅरी बर्ड, १९७६ ते ७९, आणि क्रेटन कॉलेजचा डग मॅकडर्मट, २०१० ते १४. जोडी उगाच लावली नव्हती. बर्डचा संघ मिसूरी व्हॅली कॉन्फरन्स या ज्या कॉलेज-गटात खेळायचा, तिथेच डगची पहिली तीन वर्षं गेली. बर्डचे २८५० गुण, डगचे ३१५०. आमच्या टीएलच्या, म्हणजे टीम लीडच्या, मते विषय तिथेच संपला. हाच माणूस क्रिकेटमध्ये सरासरी विचारल्याशिवाय कोणाला मोठा म्हणत नाही! बर्ड ९४ सामने खेळला, सरासरी ३०.३. डग १४५ सामने, २१.७.

खरी कटकट रेषेची. बर्डच्या वेळी तीन गुणांची रेषाच नव्हती. कॉलेजांत ती देशभर आली १९८६-८७मध्ये, १९ फूट ९ इंचांवर. डगच्या काळात ती २० फूट ९ इंचांवर होती. क्लायंटचं म्हणणं, डगची रेषा बर्डच्या कोर्टवर आखा आणि तिच्यामागचे शॉट तीनचे धरा. आता जुन्या चित्रीकरणात कॅमेरा बॉलमागे फिरत राहतो, त्यामुळे कोर्टाचं माप दर क्लिपला नव्याने बसवावं लागतं. फ्री थ्रोची रेषा बोर्डपासून १५ फूट, बास्केटखालचा पट्टा १२ फूट रुंद. पट्ट्याचे चार कोपरे नेमके पकडले की बाकीचं कोर्ट आपोआप बसतं. कोपरा जरा हुकला की कडेची माणसं हातभर सरकतात. हे काम मला जमतं. अवघड फुटेज सगळे माझ्याच गळ्यात मारतात, ते उगाच नाही.

तरी एका शॉटपाशी पाऊण तास गेला. पाऊल रेषेवर की मागे? फ्रेम पुढे, फ्रेम मागे. बुटाचं टोक म्हणजे चार-पाच धुरकट पिक्सेल. आणि मग माझंच मला हसू आलं. जी रेषा नव्हतीच, तिच्यावर पाय पडला का, हे मी शोधत होते. रेषा असती तर हा गडी तिथे थांबला असता का? अर्धं पाऊल मागे जाऊनच उडाला असता.

मग मी हिशोब उलटा केला. डगच्या २७४ थ्री-पॉइंटरना दोन-दोनच गुण दिले. ३१५०चे झाले २८७६. म्हणजे ५१ सामने जास्त खेळून २६ गुण पुढे. शेजारचा लगेच म्हणाला, “बाप कोच होता ना त्याचा, मग काय!” हेही मला पटलं नाही. डगचे थ्री ४५.८ टक्के पडले, ते काही वशिल्याने पडत नाहीत. शिवाय त्याच्या प्रत्येक हालचालीचं व्हिडिओ पोस्टमॉर्टेम समोरचे संघ आधीच करून येत. ते करणारे आमच्यासारखेच.

राहिली ती १९७९ची फायनल. तिच्यात बर्डचे २१ शॉटपैकी ७ पडले. मिशिगन स्टेट ७५-६४ने जिंकलं. तक्त्यात हा दिवस वाईटच दिसतो. त्या संघाने सरावात आपल्या खुद्द मॅजिक जॉन्सन या स्टारला बर्ड बनवून उभं केलं होतं, आणि फायनलमध्ये झोन, म्हणजे जागा वाटून घेतलेला बचाव, असा लावला की बर्डवर एक माणूस पूर्ण आणि दुसरा अर्धा. आमच्या यादीत डिफेंडर एकच निवडता येतो. अर्ध्या माणसाची सोय नाही. बॉल बर्डच्या हातात नसतानाही एक जण मान वळवून त्याच्याचकडे बघत असतो, पण त्या क्लिपला शॉट नाही, म्हणून नोंदही नाही. मी ती क्लिप चार वेळा पाहिली आणि पुढे गेले.

पहाटे टीएल मागे येऊन उभा राहिला. “अगं, सगळीकडे ३५ टाक आणि सोड.” डगच्या काळात शॉट क्लॉक ३५ सेकंदांचं होतं, म्हणून ३५. मी सगळीकडे शून्य टाकलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘तेव्हा शॉट क्लॉक नव्हतं.’

दुपारी क्यूसीची, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांची, मेल आली. शेरा कोणी उघडलाच नव्हता. ‘शॉट क्लॉक शून्य असताना मारलेले शॉट वैध कसे? दुरुस्त करा.’