माळ्यावरचा मोडेम

आज माळा आवरताना फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा जुना मोडेम सापडला. नातू विचारतो, "आबा, हा रेडिओ का?" रेडिओच म्हणायचा, किरकिर तरी तशीच!

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण आमच्या ज्वारी संशोधन केंद्रापर्यंत यायला त्याला बरीच वर्षं लागली. आलं तेही साहेबांच्या केबिनमध्ये, कुलपात. फोन एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावचा, मिनिटागणिक पैसे. म्हणून मेल आधी फ्लॉपीवर लिहून ठेवायची आणि रात्री दर उतरले की नंबर फिरवायचा. लाइन मध्येच तुटली की पुन्हा श्रीगणेशा.

माझी पहिली मेल हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटला, म्हणजे आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेला होती. ज्वारीवरच्या खोडमाशी या किडीला दाद न देणाऱ्या वाणांचं थोडं बियाणं हवं होतं. पोस्टानं विचारलं असतं तर उत्तर येईतो रब्बीची पेरणी उरकली असती. दुसऱ्याच दुपारी शिपाई प्रिंटआउट घेऊन थेट प्लॉटवर धावत आला. डॉट मॅट्रिक्सचा लांबच लांब कागद, कडेच्या भोकांसकट. माझे हात मातीनं भरलेले, म्हणून त्यानं तो डोळ्यांसमोर धरला आणि मी उभ्या उभ्या वाचला. बियाणं पाठवतोय, एवढंच होतं त्यात. चहा मात्र मी सगळ्यांना पाजला.

मोडेम भंगारात द्यायची हिला घाई. मी फडक्यानं पुसून परत माळ्यावर ठेवलाय.