सदाइक: थयो अखेर आतपर्यंत वाळला

जुन्या सदाइकची, म्हणजे म्यानमारमधल्या पोथ्या ठेवायच्या लाखकामाच्या पेटीची, दुरुस्ती करतोय. तिच्यावरची उठावाची नक्षी म्हणजे थयो. आज वाळवणीचा डबा उघडला, नमुन्याच्या फळीवरच्या वेलावर नख दाबलं आणि खूण उमटली नाही. थयो वाळलाय, तोही गाभ्यापर्यंत!

पेटीच्या पुढच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यातली वेलबुट्टी गळलीय, ती पुन्हा घडवायची आहे. घोडं तिथंच अडलं होतं. थित्सीत, म्हणजे लाखकामाच्या झाडाच्या चिकात, तुसाची राख मळून वळलेली दोरी वरून खडखडीत दिसायची, पण कापली की आत ओलीच. थित्सी उन्हानं वाळत नाही. तिच्यातल्या विकराला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि दमटपणाही, म्हणून तर म्यानमारमधल्या बागानचे कारागीर माल तळघरात ठेवतात. पुण्याच्या कोरड्या हवेत मी ओला टॉवेल घालून बंद डबा केला, आर्द्रता 75 ते 80 टक्के राखली, तरी जाड दोरी दगा देतच राहिली. वरची साय आधी धरते आणि आत हवा जाऊ देत नाही. शेवटी राख मलमलीतून गाळून जास्त घातली, दोरी शेवयांइतकी बारीक वळली आणि एक थर कडक झाल्यावरच दुसरा चढवला. तेव्हा जमलं.

सामानाचं म्हणाल तर, ‘शुद्ध’ म्हणून घेतलेल्या आधीच्या थित्सीला रॉकेलचा वास होता. घेताना झाकण उघडून हुंगाच. हातमोजेही हवेतच. झाड बिब्ब्याच्या कुळातलं, आणि चीक तसाच उततो.

दरम्यान मधल्या चौकटीतला प्रसंग उलगडला. पाणी जुन्या लाखकामाला घातक, म्हणून कोरड्या मऊ ब्रशनंच धूळ काढत होतो. हत्तीशेजारच्या राजपुत्राच्या हातात झारी दिसली, आणि समोर पुढे केलेले हात. जातककथेतला दानशूर राजपुत्र वेस्संतर पांढरा हत्ती दान करतोय! झारीच्या तोटीवरचं सोनं अजून शाबूत आहे. कितीतरी वेळ भिंग घेऊन तेच बघत बसलो.

आता पुढचं. थयो थेट पेटीवर चढवायचा बेत होता, पण लिहिता लिहिता मन बदललं. वाळलेली थित्सी सहसा द्रावकांना दाद देत नाही. उद्या कुणाला ती काढायची झाली, तर जुनं सोनंही उचकटेल. त्यापेक्षा वेल सिलिकॉन कागदावर वेगळा घडवतो आणि पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक चिकटद्रव्यानं बसवतो, ते ॲसिटोननं सुटतं. त्याआधी ॲसिटोनची चाचणी पेटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात.

वेलात जडवायच्या काचेसाठी पातळ हिरवी आरसेकाच हवी आहे. बाजारातली जाड पडते. कुणाकडे जुने तुकडे असतील तर कळवा.