तुम्ही विचारलंत म्हणून: प्राणी परत कधी येतात?

वणव्याची किंवा महापुराची बातमी आली की मला हमखास विचारलं जातं, "सगळं संपलं ना तिथलं? आता प्राणी परत यायला किती वर्षं लागतील?" यातल्या 'सगळं' आणि 'परत' या दोन शब्दांपाशीच मी अडखळते.

१८ मे १९८०. अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर मुलूख उद्ध्वस्त झाला. त्या टापूतली एल्क (सांबरासारखी मोठी हरणं), इतर हरणं, सगळी मोठी जनावरं मेली. पण स्फोट झाला सकाळी साडेआठला, तेव्हा रात्री हिंडणारे छोटे प्राणी बिळांत झोपले होते. डोंगरातल्या कित्येक तळ्यांवर अजून बर्फ होता, त्याखाली बेडूक आणि सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे, बेडकांचे भाऊबंद) तगले. हाच स्फोट ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री झाला असता तर?

माझा लाडका मात्र गोफर. उंदरासारखा कुरतडणारा, बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढणारा. राखेतून वाट काढताना त्याने खालची जुनी माती, तिच्यातल्या बुरशीसकट, वर आणून टाकली. त्या ढिगाऱ्यांवर बिया रुजल्या. उघड्या रखरखाटात बेडकांना ओलावा मिळाला तोही त्याच्याच बोगद्यांत. एल्क काही वर्षांत बाहेरून आले खरे, पण त्यांच्यासाठी पान मांडलं ते कधीच न गेलेल्यांनी.

ज्वालामुखीपेक्षा मला धास्ती वाटते ती डायक्लोफेनॅक या वेदनाशामकासारख्या गोष्टीची. धूर नाही, आवाज नाही. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात. उंदीर दोन-तीन हंगामांत भरून काढतील ती तूट यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

बरं, आकडा सावरला म्हणजे झालं असंही नाही. तेलासाठी झालेल्या शिकारीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर पॅसिफिकमधले हत्ती-सील (मोठे समुद्री सस्तन प्राणी) जेमतेम मूठभर उरले होते. आज ते लाखाच्या वर आहेत, पण सगळे त्या मूठभरांचेच वंशज. त्यांच्या जनुकांतली विविधता अजूनही फारच तुटपुंजी आहे, आणि ती नव्याने साठायला हजारो पिढ्या जातील. तुमच्या 'किती वर्षं'चं माझ्याकडचं सगळ्यात लांबलचक उत्तर ते.