‘नेहमीचे उपचार’ म्हणजे नेमके काय?

गेली काही वर्षे मी एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीवर, म्हणजे माणसांवर होणारे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीवर, सदस्य आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात आणि त्यांत वैद्यकाशी संबंध नसलेली एक तरी सामान्य व्यक्ती असावी लागते. ती सामान्य व्यक्ती म्हणजे मी. वैद्यक कळत नाही हीच माझी पात्रता, असे मी घरी गमतीने सांगतो. परंतु आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवलेले असल्यामुळे संशोधनात सहभागी होणाऱ्यांसाठीची माहितीपत्रके आणि संमतीपत्रे मराठीत आली की ती आधी माझ्याकडे येतात. समितीच्या कामकाजाबाबत गोपनीयतेचे बंधन असल्याने कोणत्याही प्रकल्पाचे तपशील येथे देणार नाही. मला लिहायचे आहे ते अशा पत्रकांत वारंवार येणाऱ्या एका शब्दप्रयोगाविषयी.

तो शब्दप्रयोग म्हणजे ‘नेहमीचे उपचार’. काही पत्रकांत ‘प्रचलित उपचार’ असते, तर काहींत ‘मानक उपचार’ असे भारदस्त रूप असते. अभ्यासात दोन गट असतात. एका गटाला नवे औषध किंवा नवी तपासणी मिळते आणि दुसऱ्या गटाविषयी लिहिलेले असते की, ‘या गटातील सहभागींना नेहमीचे उपचार मिळतील.’ वाचणाऱ्याला वाटते की, चला, नवे नाही तरी काहीतरी मिळणार आहे. जेथे नेहमीचे उपचार खरोखरच अस्तित्वात असतात तेथे हे वाक्य सरळ आहे. पण जेथे नेहमी काहीच मिळत नाही, तेथे तेच वाक्य, प्रत्येक शब्द व्याकरणशुद्ध असूनही, दिशाभूल करणारे ठरते.

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला तो उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, एका अभ्यासामुळे. शतक पालटत असताना तेथे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक फार मोठी चाचणी सुरू झाली. आमच्या भागात बायका त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात आणि अंगावरून पांढरे किंवा लाल जाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणाला न सांगता काढतात. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा या अभ्यासात समावेश केला. गावांचे ५२ समूह केले आणि त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटातील स्त्रियांची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या गटात पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरील पेशी घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, झाली आणि तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून तेथे पांढरे डाग उमटतात का हे डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना ‘नेहमीची सेवा’ मिळाली. तपासणी हवी असल्यास ती कोणत्या रुग्णालयात मिळेल याची माहिती त्यांना दिली गेली, पण अभ्यासातर्फे त्यांची तपासणी झाली नाही.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या आणि तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणता येते हे जगाला त्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळले. एचपीव्ही तपासणीकडे जग पुढे ज्या विश्वासाने वळले, त्या विश्वासाच्या पायात हा अभ्यास आहे.

त्या ६४ जणींचे काय, हा प्रश्न विचारला गेलाच. मुंबईच्या वस्त्यांत आणि तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यातही याच काळात असे अभ्यास झाले. तिन्ही ठिकाणी मिळून तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांची संख्या १,३८,६२४ होती आणि त्यांच्यापैकी २५४ जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला. टीकाकारांचे म्हणणे असे की, पॅप तपासणीमुळे अनेक देशांत हा कर्करोग आटोक्यात आला हे कित्येक दशके ठाऊक असताना, तपासणी न करता किती स्त्रिया मरतात हे मोजण्याची गरजच काय होती? संशोधकांची बाजू अशी की, भारतात तपासणीचा कोणताही सार्वत्रिक कार्यक्रम नव्हता, पेशींची तपासणी करणारे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा खेड्यापाड्यांत उभ्या करणे शक्य नव्हते, त्यामुळे या देशातली प्रचलित सेवा म्हणजे ‘तपासणी नाही’ हीच होती आणि अभ्यासाने कोणाकडूनही काही काढून घेतले नव्हते.

मी पूर्वी पहिल्या बाजूचा होतो. त्या २५४ मृत्यूंचा आकडा वाचल्यावर दुसरी बाजू ऐकून घ्यावी असे वाटतच नाही. पण उस्मानाबादचे निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की, पॅप आणि आम्ल या दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसलीच नाही. समजा तपासणी नसलेला गट ठेवलाच नसता आणि केवळ पॅप व आम्ल यांचीच तुलना केली असती, तर दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत असे जाहीर झाले असते. प्रत्यक्षात त्या परिस्थितीत दोन्हींचा एकदाच केलेला प्रयोग सारखाच अपुरा पडला होता. गंमत म्हणजे मुंबईत हीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून केली गेली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधन तेच असूनही ते कोण वापरते आणि किती वेळा वापरते यावर निकाल बदलतो आणि तुलनेसाठी काही नसते तर हा फरक कळला नसता. त्यामुळे चौथा गट ठेवणे हेच मुळात पाप होते, असे मी आता म्हणत नाही.

पण त्या गटाला काय सांगितले गेले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा निधी होता आणि तक्रार झाल्यावर तेथील मानवी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने, संमती घेताना स्त्रियांना दिलेली माहिती पुरेशी नव्हती, असा निष्कर्ष काढला. माझ्या मते सगळा वाद येथे येऊन थांबायला हवा होता, परंतु चर्चा बहुतेक वेळा आकड्यांच्या आणि देशाभिमानाच्या दिशेने गेली.

तुलनेचा गट ठेवून केलेले संशोधन आपल्या महाराष्ट्रात त्याआधीही झाले होते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात बालमृत्यू पंचविशीपर्यंत खाली आले, तुलनेच्या गावांत ते जवळजवळ जिथल्या तिथेच राहिले. त्यावरही नैतिकतेची चर्चा झाली. मला मात्र दोन्ही प्रसंगांत फरक दिसतो. गावातल्या बाईने घरी जाऊन जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. तर पिशवीच्या तोंडाची तपासणी उपयोगी असते एवढे तरी उस्मानाबादेत काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत होते. अज्ञान खरोखरच समान असेल, तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यात अन्याय नाही. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अंगठा असेल, तेव्हा मात्र माहिती असणाऱ्यावरची जबाबदारी कितीतरी पटींनी वाढते.

आता माझ्या टेबलावरच्या कागदांकडे येतो. ही पत्रके बहुधा मुळात इंग्रजीत तयार होतात, त्यांचे मराठी भाषांतर होते आणि मग ते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दुसरा भाषांतरकार त्याचे पुन्हा इंग्रजी करतो. या उलट्या भाषांतराला फार मान आहे. पण त्यातून एक विचित्र प्रकार घडतो. मी ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द वापरला, तर तो परत इंग्रजीत जाताना अगदी अचूक जातो आणि प्रायोजक समाधानी होतो. मोहोळ किंवा माढ्याच्या बाईला तो ओ की ठो कळत नाही. मी ‘चिठ्ठ्या टाकून ठरवले जाईल’ असे लिहिले, तर तिला क्षणात कळते, पण परत इंग्रजीत जाताना त्याची ‘लॉटरी’ होते आणि ‘हा शब्द गांभीर्याला साजेसा नाही’ असा शेरा येतो. ‘नियंत्रण गट’ तर विचारूच नका. कोणाला कोणाच्या नियंत्रणात ठेवणार आहेत, हे त्या शब्दावरून कळत नाही आणि काही भाषांतरकार सोयीसाठी ‘कंट्रोल गट’ लिहितात, तेव्हा मला आमच्या गावातले कंट्रोलचे दुकान आणि त्याच्यापुढची रॉकेलची रांग आठवते. उलट्या भाषांतराच्या कसोटीवर जे मराठी उतरते ते बहुधा कोणीच न बोलणारे मराठी असते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

एकदा एका अभ्यासाची संमती प्रत्यक्ष कशी घेतली जाते हे पाहण्यासाठी आम्ही समितीचे दोघे एका गावात गेलो होतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो, तो होता. पत्रक वाचून दाखवले गेले, तेही स्पष्ट आवाजात. साठीच्या आसपासच्या एका मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् माजी चिठ्ठी दुसऱ्या बाजूला निघाली, तर मला काय?” समाजसेविकेने पत्रकातले वाक्य पुन्हा वाचले, “तुम्हाला नेहमीचे उपचार मिळतील.” मावशी म्हणाल्या, “नेहमी तर काय बी मिळत नाय की बाई.” त्यात ना राग होता ना तक्रार, केवळ माहिती होती. त्यांनी अंगठा दिला. साक्षीदारानेही सही केली. कागदोपत्री त्या संमतीत कोणतीही त्रुटी नव्हती, आणि आमच्या अहवालातही तसेच लिहिले गेले, याची रुखरुख मला आजही आहे.

तेव्हापासून मी एक आग्रह धरला आहे. ‘नेहमीचे उपचार’ हा शब्दप्रयोग आला की मी संशोधकाला विचारतो की, या तालुक्यात, या आजारासाठी, आज कोणती सेवा मिळते ते नावानिशी सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते का, ग्रामीण रुग्णालयात मिळते का, तेथे ते यंत्र चालू आहे का, आठवड्यातून कोणत्या दिवशी डॉक्टर असतात? उत्तर मिळाले तर तेच पत्रकात लिहायचे. सेवा नसेल तर ‘या गटातील व्यक्तींची या अभ्यासात तपासणी होणार नाही. ही तपासणी उपयोगी असते असे आजवरच्या माहितीवरून दिसते. ती तुम्हाला अमुक ठिकाणी करून घेता येईल आणि त्यासाठी या अभ्यासात सहभागी असण्याची गरज नाही’ असे सरळ लिहायचे. यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, असे लिहिले तर बायका बाहेर जाऊन तपासणी करून घेतील आणि तुलना बिघडेल. हा आक्षेप मला फार प्रामाणिक वाटतो, कारण तुलना टिकते ती कोणाच्या न कळण्यावर, हे त्यातून आपोआप कबूल होते.

संशोधनाच्या फळाविषयीही थोडे लिहितो, कारण त्याचे समर्थन बहुधा ‘याचा लाभ पुढे याच समाजाला होईल’ या शब्दांत केले जाते. उस्मानाबादचे निष्कर्ष २००९ चे आणि मुंबईचे २०१३ मध्ये जाहीर झालेले. केंद्र सरकारने ३० वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची कार्यपद्धती २०१६ मध्ये आखली. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचे देशातील प्रमाण १.९ टक्के निघाले. चौथ्या गटातली ‘नेहमीची सेवा’ त्या वेळीही देशातल्या बहुतेक स्त्रियांना तशीच मिळत होती.

सध्या माझ्यापुढे जे पत्रक आहे त्याचे मराठी मी तीनदा सुधारून दिले आहे. ‘या गटात तपासणी होणार नाही’ हे माझे वाक्य उलट्या भाषांतरातून अगदी जसेच्या तसे परत गेले, त्यात चूक काढायला जागा नव्हती. तरीही ‘याऐवजी नेहमीचे उपचार असे शब्द वापरावेत’ अशी सूचना घेऊन ते पत्रक तिसऱ्यांदा परत आले आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते सातव्या क्रमांकावर आहे. या वेळी मी वाक्य बदललेले नाही. समासात फक्त पेन्सिलीने आरोग्य उपकेंद्राचे नाव आणि तेथील परिचारिकेचा येण्याचा वार लिहून ठेवला आहे.