प्लगवरच्या दोन कपच्या

सैनिकी विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लढाऊ जेट येतं. माझी बरीचशी नोकरी मात्र हेलिकॉप्टरच्या टपावर गेली, इंजिनाची ताकद वरच्या पंख्याला पोचवणाऱ्या मुख्य गिअरबॉक्सच्या शेजारी. इंजिन बंद पडलं तरी मुरलेला वैमानिक हेलिकॉप्टर खाली उतरवू शकतो. पण हा गिअरबॉक्सच जाम झाला तर वरचा पंखा थांबतो. मग कौशल्य काय कामाचं?

म्हणून त्याच्या तेलात मॅग्नेटिक प्लग असतो. झिजलेलं पोलाद त्याला चिकटतं. करडा, मऊसर लेप दिसला तर ती रोजची झीज. त्या दिवशी तुकडीतल्या सगळ्यात नव्या पोरानं प्लग काढला आणि टपावरूनच हाक मारली, "सर, जरा वर येता का?" टॉर्चच्या उजेडात दोन कपच्या चमकत होत्या. चपट्या, माशाच्या खवल्यांसारख्या.

नियमावलीप्रमाणे प्लग पुसला, जमिनीवरच इंजिन चालवून पाहिलं, प्लग पुन्हा काढला. पुन्हा कपच्या, आधीपेक्षा जास्त. नोंदवहीत 'उड्डाणास अयोग्य' असा शेरा मारून मी सही केली आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडला.

अहवाल आला: सगळं प्रमाणात. खरी गंमत इथून सुरू झाली. संध्याकाळच्या उड्डाणांचा तक्ता घेऊन अधिकारी समोर उभे. "रिपोर्ट चांगला आलाय, मग अडलंय कुठं?"

म्हटलं, "सर, त्या तपासणीत काही मायक्रॉनचे बारीक कणच मोजले जातात. नखानं उचलता येईल एवढी कपची त्या यंत्राला दिसतच नाही. बेअरिंग सोलायला लागलं की मोठे तुकडे पडतात, आणि तेल कागदावर स्वच्छ राहू शकतं."

ते चिडले. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, उड्डाण रद्द झालं की जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण शेऱ्याखाली सही माझी होती. फिल्टर उघडला, तर घडीघडीत पोलाद चकाकत होतं. वाद तिथंच मिटला.

मग रात्रभर गिअरबॉक्स बदलणं. पाती, रोटर हेड, शाफ्ट, तेलाच्या नळ्या, सगळं सोडवायचं आणि पुन्हा जोडायचं. पहाटे माझा सगळ्यात अनुभवी गडी एकाच बोल्टला दुसऱ्यांदा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, लावताना दिसला. आधी लावल्याचं त्याला आठवेना. त्याला झोपायला पाठवलं. केवढी कुरकुर केली त्यानं! त्याचे सगळे बोल्ट दुसऱ्याकडून पहिल्यापासून करून घेतले. उशीर झाला तो झालाच.

पुढे दुरुस्ती कारखान्याचा अहवाल आला. बेअरिंगच्या आतल्या कडीवर खड्डे पडले होते. पृष्ठभागाखाली सुरू झालेली भेग वर येऊन धातूचे पापुद्रे सुटत होते. अधिकाऱ्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "दुसऱ्या हेलिकॉप्टरची तपासणी कधी संपतेय?"