चटणीचे दिवस, वाकळेच्या दुपारी

चैत्रातली दुपार. पेठेतली गल्ली जेवून आडवी झालेली असते आणि कुठूनतरी पहिली शिंक येते. मागोमाग शेजारून दुसरी, माडीवरून तिसरी. कुणीतरी मिरच्या परतायला घेतल्यात. कोणी, हे विचारावं लागत नाही. वास कुठल्या खिडकीतून येतोय त्यावरून घर कळतं आणि ठसका किती लांबतोय त्यावरून मिरचीत लवंगी किती पडलीय तेही कळतं. वर्षातून एकदा गल्लीला शिंकायला लावायचा हक्क कोल्हापुरात प्रत्येक घराला आहे. त्याबद्दल कुणी माफी मागत नाही, आणि मागूही नये.

कांदा-लसूण चटणीचं, म्हणजे वर्षभर पुरणाऱ्या घरच्या तिखट मसाल्याचं, प्रमाण कुणा एकीचं नसतं. आजोबांना जाळ हवा, नातवाला सोसत नाही, थोरल्याला रश्श्यावर लालभडक कट तरंगताना दिसला पाहिजे आणि धाकट्या सूनबाईंचं माहेर कोकणातलं, त्यांना एवढ्या लसणाचं नवलच वाटतं. या सगळ्यांना एका बरणीत बसवायचं. म्हणून ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी जाळाला. बेताचं खाणाऱ्या घरात किलोला पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी. तिखट घरात निम्मं-निम्मं, वर ५० ग्रॅम लवंगी. एकदा ठरलं की ते पिढीभर हलत नाही. मधेच चटणी संपली म्हणून शेजारून वाटीभर आणावी, तर त्या दिवशीची आमटी दुसऱ्याच्या घरात बसून जेवल्यासारखी लागते.

ब्याडगीचं गाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरची घ्यायला गेलेली बाई मानांकन विचारत नाही. ती पोत्यात हात घालते आणि एक मिरची मोडून बघते. कट्कन मोडली आणि आत बी वाजलं तर ठीक. वाकली, तर तिच्यात ओल आहे. म्हणजे पाण्याचे पैसे आपण द्यायचे आणि वर बुरशीही आपल्याच बरणीत. पांढरे डाग पडलेली फटकी मिरची कितीही स्वस्त मिळाली तरी नको, रंगही जातो आणि चवही. ब्याडगीत पुन्हा डब्बी आणि कड्डी. डब्बी बुटकी, फुगीर, रंगाला जास्त. कड्डी लांब, सुरकुतलेली. दुकानदार कड्डी पुढे करतो तेव्हा डब्बी मागावी, आणि डब्बी पुढे केली तर भाव विचारावा.

दोन-तीन कडक उन्हं दिली की देठ खुडायचे. वजन देठ काढल्यानंतरचं धरायचं, नाहीतर मीठमसाल्याचं गणित चुकतं आणि वर्षभर ते चुकलेलंच खावं लागतं. खुडायला बसण्याआधी हाताला गोडं तेल चोळायचं. आग झाल्यावर पाण्यात हात घालून बसण्यात अर्थ नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळतच नाही. पुन्हा तेल चोळून मग साबण लावला तर उतरतो. आणि बी काढलं की तिखट कमी होतं म्हणतात, तेही अर्धंच खरं. खरा जाळ बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढरट शिरेत असतो.

बाकीचं सामान प्रत्येक घरी थोडं इकडंतिकडं. किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, १२५ ग्रॅम तीळ, जिरं आणि खसखस ५०-५० ग्रॅम, पाव किलो खडेमीठ, पाव लिटर तेल. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, मसाला वेलदोडा, जायपत्री, नाकेश्वर हे सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आत. गरम मसाला सढळ हातानं घातला की चटणी भारी होते असा नव्या घरांतला समज आहे. होत काही नाही, रोजच्या वांग्याच्या भाजीला लग्नाच्या जेवणाचा वास येतो.

सगळा खेळ कांद्याचा. उभा, पातळ, एकसारखा चिरायचा. जाड-बारीक चिरला तर बारीक जळतो आणि जाड आत कच्चा राहतो. चिरलेला कांदा कापडावर पसरून दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी तो मऊ आणि चिवट होतो. मग तेलात थोडा थोडा, मध्यम आचेवर. पहिल्यांदा फेस येतो. फेस बसला की आवाज बदलतो, चरचर जाऊन बारीक तडतड येते, आणि त्यानंतर झारा सोडायचा नाही. बदामी रंगावर काढायचा, तपकिरी व्हायची वाट बघायची नाही, कारण कढईतून काढल्यावरही तो स्वतःच्या गरमीनं एक पायरी पुढं जातो. गार झाल्यावर चिमटीत धरला की चुरा झाला पाहिजे. बोटाला लवचीक लागला तर पुन्हा कढईत. चटणी जी खराब होते ती नव्वद टक्के या कांद्यानं, उरलेली खोबऱ्यानं. खोबरं कच्चं भाजलं तर श्रावणापर्यंत खवट वास धरतं आणि मग दोष मिरचीला जातो, दुकानदाराला जातो, कधी कधी दृष्टीलासुद्धा. खसखस सगळ्यात शेवटी, विस्तव बंद करून नुसत्या कढईच्या उष्णतेवर.

कुटायला डंकावर, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या उखळ-मुसळावर. घरच्या मिक्सरमध्ये होते की, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नये, फक्त त्यांची चटणी मागू नये. मिक्सरचं पातं आणि गिरणीचा दगड पीठ तापवतात. रंग काळवंडतो आणि तेलाचा वास उडतो. डंकाचा दांडा वरून आपटत राहतो, मधे चटणीला श्वास घ्यायला जागा मिळते. सीझनला रांग असते, दोन-दोन तास. आधीच्या घराची चटणी उखळाच्या तळाला चिकटलेली असते, म्हणून जाणत्या बायका आपल्यातलंच मूठभर खडेमीठ पहिल्यांदा टाकून उखळ साफ करून घेतात. मिरची आधी, मग कोरडा मसाला, चाळणं, आणि शेवटी कांदा-लसूण-खोबरं मिठाबरोबर. लसूण आधीच पडला तर गोळे होतात आणि दांड्याला चिकटून वर जातात.

रांगेत बोलणी चालू असतात.

“अवो वैनी, ह्या खेपंला रंग लई भारी आलाय. पण जाळ कुठाय?”

“जाळ तुमच्या घरात, रंग आमच्या घरात. बरं चाललंय की.”

किलो मिरचीची दोन किलोच्या वर चटणी होते. डब्यातून घरी येते तेव्हा ती चांगली गरम असते, आणि नेमकी तेव्हाच ती बरणीत भरायची घाई सगळ्यांना होते. भरायची नाही. आतल्या खोलीत धुतलेल्या धोतरावर पसरायची, वर पातळ कापड, दार ओढून घ्यायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी फिरकायचं नाही. वाफ बरणीत कोंडली की झाकणाला घाम येतो आणि तो थेंब जिथं पडेल तिथं महिन्यात हिरवं ठिपकं.

आता खोली अडकलेली, ऊन मावळायला अवकाश, आणि ज्या हातांना गेले चार दिवस उसंत नव्हती ते मोकळे. मग सोप्यात वाकळ येते, जुन्या कपड्यांची हातानं शिवलेली गोधडी. चटणीचा आणि वाकळेचा तसा काही संबंध नाही, पण दोन्ही उन्हाळ्यातच होतात. वाकळ पसरली की चार कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, जे जड मिळेल ते ठेवलं जातं.

नऊवारी असेल तर हिशेब सोपा. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे लांबीकडून जोडले की जोडवाकळेची खालची बाजू, उरलेले दोन जोडले की वरची. आत चार ते सहा थर: जुनी धोतरं, विरलेल्या सुती साड्या, सदरे. सदऱ्याची कॉलर, कफ, बटणपट्टी आणि जाड शिवणी कापून टाकायच्या, नाहीतर सुई तिथंच मोडते. जीनच्या पँटी तर लांबच ठेवायच्या. कुणीतरी हौसेनं घालतं आणि मग त्या चौकोनाभोवती वळसा घालून शिवावं लागतं, वाकळेवर ते बेट कायम दिसतं. बनियन आणि टी-शर्टही नकोत, ते ताणतात आणि पुढं त्यांचे गोळे होतात. नायलॉनची साडी घसरते, घाम टिपत नाही, थंडीत अंगाला गार लागते. सगळे कपडे आधी धुऊन, खळ काढून, वाळवून घ्यायचे. कोरा कपडा आत गेला तर पहिल्या धुण्यात तो एकटाच आटतो आणि बाकीच्यांना ओढतो.

शिवण कडेकडून आत जाते, म्हणून सैल कापड सरकत सरकत मध्याकडं जमतं. शेवटच्या फेऱ्यांना तिथं फुगा आला की मग तो काही केल्या बसत नाही. त्याला उपाय सुरवातीलाच: मधून चारी कडांना आणि चारी कोपऱ्यांना लांब कच्चे टाके टाकून थर एकमेकांना बांधून घ्यायचे, वाकळ पुरी झाल्यावर ते ओढून काढायचे. कड बोटभर आत दुमडायची. दोरा दुहेरी, मेणावरून ओढलेला, दीड हातापेक्षा लांब नको. लांब दोऱ्यानं काम वाचत नाही, गुंता वाढतो. गाठ थरांच्या आत लपवायची. मग धावदोरा. सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि एकदम ओढायचे, डावा हात वाकळेखाली, सुईचं टोक बोटाला जेमतेम टेकलं की ते वर वळवायचं. टेकलं म्हणजे सगळे थर आले. न टेकता वळवलं तर खालचा पदर सुटला, आणि सुटलेला पदर पहिल्याच थंडीत पायाच्या बोटात अडकून फाटतो. वाकळेखालच्या हाताच्या बोटाला बायका चिंधी गुंडाळतात. दोन ओळींत एक बोट अंतर ठेवलं तर वाकळ टिकते, दोन बोटं ठेवलं तर लवकर होते. कोपऱ्यावर वळताना एक टाका उलटा.

सुईत दोरा ओवायचं काम पोरांचं. आजीला सुईचं नाकं दिसत नाही, आणि दहा-बारा सुया एकदम ओवून ठेवल्या की पोरं सुटली. पण ती सुटत नाहीत. पालथी पडून कुठला तुकडा कुणाचा यावर भांडतात: हा आबांचा सदरा, ही आत्याची शाळेची ओढणी, हा पडदा कुठल्या घरातला? आजी सांगते, पण दर वेळी वेगळं सांगते.

मशीनवर मारलेल्या वाकळा आता मिळतात, दिसतात छान. माझं त्यांच्याशी जमत नाही. बारीक, गच्च टिपेनं ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि विरलेलं सुती कापड टिपेच्या रेघेवरच फाटतं. हाताचा टाका थोडा ढिला असतो, थर आपापसात जरा हलतात, अंगाबरोबर वळतात.

नवरात्राच्या आधी या सगळ्या वाकळा पंचगंगेच्या घाटावर जातात. भिजलेली जोडवाकळ एकट्याला उचलत नाही. पिळायला दोघं लागतात, दोघांनी उलट दिशांना पीळ घालायचा आणि मधे तिसऱ्यानं लोंबणारा भाग सावरायचा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन उन्हं. आत ओल राहिली की कुबट वास येतो आणि तो वास पुढच्या धुण्यापर्यंत जात नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये हीच पंचगंगा घाट ओलांडून वर आली, तेव्हा ज्या घरांत पाणी शिरलं तिथं आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढायची होती. अंथरूण-पांघरुणाचा विचार नंतरचा. आणि चिखलाच्या पाण्यात बुडालेली वाकळ धुऊन होत नाही. गाळ थरांच्या आत बसतो, उसवल्याशिवाय निघत नाही, आणि उसवलेले तुकडे पुन्हा जोडण्याइतके धड नसतात.

चटणी दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीत. चिनी मातीची असेल तर उत्तम, काचेची असेल तर अंधाऱ्या कपाटात, कारण उजेडानं रंग उतरतो. दाबून दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही, वर हिंगाचा खडा, तोंडाला दुहेरी कापड. महिन्याची चटणी छोट्या डब्यात काढून बरणी पुन्हा बांधायची, ओला चमचा कुणी घातला याची चौकशी मग वर्षभर करावी लागत नाही. रश्श्याला वापरताना एवढंच बघायचं: वाटण परतून तेल सुटल्यावर, आच कमी करून चटणी, अर्धा मिनिट, आणि लगेच कढत पाणी. गार पाणी घातलं की कट बसतो तो बसतो.

राहिला चाळणीवरचा भरडा. डंकावर दोनदा कुटूनही मूठ-दोन मूठ जाडसर उरतोच. काही घरांत तो मिठाबरोबर तिसऱ्यांदा कुटून चटणीत मिसळतात, काही घरांत वेगळ्या डब्यात ठेवून झुणक्याला आणि कटाच्या आमटीला घालतात. एकाच घरात दोन जावा असतील तर थोरली एक म्हणते आणि धाकटी दुसरं. यंदाही डबा ओट्यावरच आहे.