आम्ही तिघी आणि पाऊस

मी कोकणातली. मला पावसाचं काय सांगता, असा तोरा मिरवत लेकीसोबत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला उतरले. पण आपला पाऊस दणकून पडतो आणि उघडीप तरी देतो. हा तीन दिवस नुसता गळत होता. त्याआधी रॉकी पर्वतातल्या जॅस्परपासून रेल्वेचे दोन दिवस: देखावे अप्रतिम, कंबर मोडली. संपलं.

तिसऱ्या दिवशी कॅफेत शिरलो तर टेबल रिकामं नाही. एका आजींनी खुणेने बोलावून घेतलं. त्या त्सिमशियन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांच्या भाषेचं नाव स्माल्ग्याख, म्हणजे 'खरी भाषा'. अस्खलित बोलणारे आता काही डझनच. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवत, तिथे आजींच्या आईला ही भाषा बोलली म्हणून मार बसायचा. पुढे तिने पोरांशी इंग्रजीच धरली. आजी आपल्या आजीकडून शिकल्या.

लेकीने आकडे विचारले. दोन म्हणजे 'गूपल'. मी लगेच आम्हा दोघींकडे बोट करून म्हटलं, "गूपल!" आजी खो खो हसल्या. माणसं दोन असली की 'तेपखादूल'. होड्यांना वेगळा शब्द, लांबट वस्तूंना वेगळा, चपट्यांना वेगळा. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी शंभरेक वर्षांपूर्वी असे सात संच नोंदवले होते.

मला भलताच चेव आला. "आमच्यातही आहे! आंबे दोन, पण बायका दोघी!" आजींनी लेकीकडे पाहिलं. टोरांटोत वाढलेली ती म्हणाली, "मी तर 'दोन बायका' म्हणते." मी कॉफीत तोंड घातलं. आमच्या घरात कुठली आली होती निवासी शाळा? इंग्रजी मीच झाडते.

आजी सांगत होत्या, या भाषा म्हणजे चौघी बहिणी. नास खोऱ्यातली निस्गा, स्कीना नदीच्या वरच्या अंगाची गित्क्सान, ही स्माल्ग्याख आणि दक्षिणेला क्लेमटू गावची स्गूख्स. स्गूख्स अस्खलित बोलणारं शेवटचं माणूस २०१३ मध्ये गेलं.

"म्हणजे उरल्या तिघी," लेक मराठीत पुटपुटली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने परत म्हटलं नसतं.

मग आजींनी माणसं मोजायला सुरुवात केली आणि थेट दहापर्यंत गेल्या, दर आकड्याला खास माणसांचा शब्द. लेक माझ्याकडे वळली. "आपलं पुढे? दोघी, तिघी, चौघी...?"

"पाच जणी," मी म्हटलं.

"एवढंच?"